रेल्वे हुकली, पेठ उठली, गाव राहिलं: कॅन्ससमधल्या निकोडेमसचं प्रकरण

निकोडेमसची गोष्ट सहसा तीन वाक्यांत उरकतात. गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी १८७७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या माळावर गाव वसवलं. दहा वर्षांत ते भरभराटीला आलं. १८८८ मध्ये रेल्वे दुसरीकडून गेली आणि गाव संपलं. पहिली दोन वाक्यं साधारण खरी आहेत. तिसऱ्यात गफलत आहे. ती गफलत समजली की एका छोट्या ग्रामीण काउंटीचा (म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा) आणि तिथल्या माणसांचा दीडशे वर्षांचा इतिहास वेगळाच दिसू लागतो.

ग्रॅहम काउंटी कॅन्सस राज्याच्या वायव्येला, शंभराव्या रेखांशाच्या जवळ आहे. अमेरिकेच्या शेतीत या रेखांशाला मोठा अर्थ आहे. ढोबळमानाने त्याच्या पूर्वेला पावसाच्या पाण्यावर पीक येतं, पश्चिमेला पावसाचा भरवसा धरता येत नाही. सोलोमन नदीचा दक्षिण फाटा काउंटीतून पूर्वेकडे वाहतो. झाडं काय ती त्याच्या आणि ओढ्यांच्या काठाला, बाकी सगळा गवताचा माळ. १८७७ मध्ये ही काउंटी नुसती नकाशावर होती. निवडून आलेले अधिकारी नव्हते, कचेरी नव्हती, मुख्यालय कुठलं हेही ठरलेलं नव्हतं.

जाहिरात कोणाची, जमीन कोणाची

१८७७ च्या उन्हाळ्यात इथे ‘निकोडेमस टाऊन कंपनी’ उभी राहिली. संस्थापक सात. त्यांतला डब्ल्यू. आर. हिल हा इंडियानाहून आलेला गोरा जमीन-दलाल, बाकीचे सहाही कृष्णवर्णीय. अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ, खजिनदार हिल. सायमन राउंडट्री नावाचे धर्मोपदेशकही त्यांत होते. गुलामीत असताना पुस्तक हाताळताना सापडले म्हणून त्यांच्या गालावर डाग दिला होता, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. गावठाणातल्या प्लॉटसाठी पाच डॉलर घ्यायचे आणि शेतीसाठी होमस्टेड कायद्याखाली सरकारी जमीन मिळवायची, असा बेत होता. १८६२ च्या या कायद्याने १६० एकरांचा तुकडा जवळपास फुकट मिळे. अट एवढीच, की पाच वर्षं तिथे राहायचं, कसायचं आणि थोडीशी नोंदणी फी भरायची.

कंपनीची पत्रकं केंटकीत पोचली. जॉर्जटाऊन आणि लेक्सिंग्टनच्या परिसरातल्या चर्चमधून हिलने आणि त्याच्या जोडीदारांनी लोकांना माणसं जमवायला लावलं.

केंटकीच का, याकडे फारसं कोणी बघत नाही. यादवी युद्धात केंटकी संघराज्याच्या बाजूने राहिली. त्यामुळे लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा तिथे लागूच नव्हता. तिथली गुलामी थेट डिसेंबर १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गेली. पुढे दक्षिणेतल्या हरलेल्या राज्यांवर जी लष्करी देखरेख आली तीही केंटकीला आली नाही. म्हणजे मुक्त झालेल्या माणसांना ना फेरउभारणीच्या काळातल्या सत्तेत वाटा मिळाला, ना सैन्याचं संरक्षण. जमीन जुन्या मालकांकडेच राहिली. अशा माणसासमोर कोणी १६० एकरांचं पत्रक धरलं, तर तो भोळा होता म्हणून फसला असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्याने उपलब्ध पर्यायांतला बरा पर्याय निवडला.

सप्टेंबर १८७७ मध्ये केंटकीहून तीनशेच्या आसपास माणसं रेल्वेने एलिस स्टेशनला उतरली. तिथून निकोडेमस साधारण पस्तीस मैल उत्तरेला. गाड्या-घोडे नावालाच, तेव्हा बहुतेकांनी हे अंतर चालूनच काटलं. एमा विल्यम्स गरोदर होत्या. ऑक्टोबरमध्ये त्यांना मुलगा झाला, हेन्री, वसाहतीत जन्मलेलं पहिलं मूल.

पुढच्या वसंतात दुसरी मोठी तुकडी आली. त्यातल्या विलियाना हिकमन यांनी म्हातारपणी सांगितलेली आठवण आजही निकोडेमसवरच्या जवळजवळ प्रत्येक लिखाणात येते. सोबतची माणसं ‘ते बघा निकोडेमस’ म्हणून ओरडली, पण त्यांना गाव दिसेचना. नवऱ्याने बोट दाखवलं तर जमिनीतून धूर निघत होता. माणसं जमीन कोरून केलेल्या घरांत राहत होती, आणि ते पाहून त्यांना रडूच कोसळलं. या आठवणीचा उपयोग लोक गावाची कीव करायला करतात. मला तिच्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. त्या राहिल्या.

सगळे राहिले नाहीत. बरीच कुटुंबं थोड्याच दिवसांत परत फिरली किंवा पूर्व कॅन्ससकडे गेली. लोक हिलच्या जिवावर उठले होते आणि त्याला लपून बसावं लागलं, असंही सांगतात. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांनी मांस दिलं म्हणून निभावलं, ही आठवण गावाने जपून ठेवली आहे. जळणाला लाकूड नव्हतं. सूर्यफुलाची वाळलेली धाटं आणि रानम्हशींचं शेण जाळायचं, माळावर विखुरलेली त्यांची हाडं गोळा करून विकायची. औतं आणि जनावरं इतकी कमी, की पहिली जमीन बऱ्याच जणांनी कुदळ-फावड्याने फोडली. पुरुष दूरच्या गोऱ्या शेतकऱ्यांकडे आणि रेल्वेच्या कामावर मजुरीला जात, मागे शेत आणि पोरं बाया सांभाळत. होमस्टेडची पाच वर्षं प्रत्यक्षात पुष्कळदा या बायांनीच भरून काढली. नोंदवहीत नाव मात्र नवऱ्याचं.

बाहेरून अन्न-कपड्यांची मदत येत होती, आणि तिच्यावरून गावात वाद होता. मदतीच्या बातमीने आणखी गरीब माणसं येतील आणि कोणाचंच भागणार नाही, असं म्हणणाऱ्यांचं पारडं शेवटी जड झालं. १८७९ मध्ये वसाहतीने बाहेर हात पसरणं थांबवलं. त्याच वर्षी दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय कॅन्ससकडे लोटले आणि ते मोठं स्थलांतर इतिहासात गाजलं. निकोडेमस त्याच्या दोन वर्षं आधीचं आहे, हे अनेकदा विसरलं जातं.

काउंटी घडवणारे हात

१८७८ मध्ये शिकागोहून दोन तरुण आले, एडवर्ड मॅकेब आणि एब्रम हॉल. दोघेही शिकलेले आणि गुलामीत न वाढलेले. मॅकेबचा जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावचा. शेतीत मुरायला ते आलेच नव्हते. जमीन हेरून देणं, अर्ज लिहून देणं, दस्त करणं हे त्यांचं काम. ज्या वसाहतीत लिहिता-वाचता येणारी माणसं थोडी आणि सगळं भवितव्य जमीन-कचेरीतल्या कागदावर लटकलेलं, तिथे या कामाला किती किंमत असेल ते सांगायला नको.

१८८० मध्ये ग्रॅहम काउंटीची रीतसर स्थापना झाली. गव्हर्नर जॉन सेंट जॉन यांनी काउंटीचा पहिला हंगामी कारकून म्हणून मॅकेबला नेमलं. पुढच्या वर्षी तो त्याच पदावर निवडून आला. काउंटीत गोरे मतदार जास्त होते. आणखी वर्षभरात, १८८२ मध्ये, तो कॅन्सस राज्याचा हिशेब-तपासनीस म्हणून राज्यभरातून निवडून आला आणि १८८४ मध्ये पुन्हा जिंकला. दक्षिणेबाहेर कुठल्याही राज्यात इतक्या वरच्या पदावर तोवर कृष्णवर्णीय माणूस निवडून आलेला नव्हता. पाच वर्षांपूर्वी जमिनीतून धूर निघणाऱ्या वस्तीतून तो गेला होता.

काउंटी नवी असली की पहिली भांडणं मुख्यालयावरून होतात, इथेही झाली. सुरुवातीला मिलब्रुक होतं. हिलने आपल्या नावाने हिल सिटी वसवलेली होती आणि त्याला मुख्यालय तिथे हवं होतं. अशा चुरशीत एकगठ्ठा मतं असलेल्या निकोडेमसची विचारपूस दोन्हीकडून व्हायची. निकोडेमसच्या शाळेचा विभाग हा काउंटीतला पहिला क्रमांकाचा विभाग. जेनी स्मिथ फ्लेचर यांनी जमिनीत कोरलेल्या घरात तिथले वर्ग भरवले होते. गावाचं पोस्टही त्यांनी सांभाळलं. काउंटीच्या शासनाची सुरुवात जिथून झाली त्या जागांमध्ये या गावाचं नाव वरचं आहे, आणि हे स्थान कोणी दिलेलं नव्हतं.

१६,००० डॉलरचे रोखे

१८८० च्या दशकाच्या मध्यावर पाऊस बरा झाला. चुनखडीच्या दगडात इमारती उठल्या. फ्लेचर कुटुंबाचं सेंट फ्रान्सिस हॉटेल, १८८५ चं आफ्रिकन मेथडिस्ट चर्च, दुकानं, बँक, बेसबॉलचा संघ. दोन वर्तमानपत्रंही निघाली, १८८६ मध्ये ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि १८८७ मध्ये ‘निकोडेमस एंटरप्राइज’. काही दुकानदार गोरे होते, त्यांनाही ही पेठ वाढणार असंच वाटत होतं. त्या काळच्या माळावरच्या प्रत्येक पेठेला असंच वाटत असे, हा भाग वेगळा.

वाढीसाठी एकच गोष्ट लागत होती, रेल्वे. गहू बैलगाडीतून वीस-पंचवीस मैल न्यायचा तर भावातला बराचसा भाग वाहतुकीतच जातो. लाकूड, कोळसा, खिळे, सगळं उलट्या दिशेने त्याच खर्चात येतं. मिसुरी पॅसिफिक कंपनीची लाईन पूर्वेला स्टॉकटनपर्यंत होती आणि पुढे सरकण्याची बोलणी चालू होती. मार्च १८८७ मध्ये निकोडेमस टाऊनशिपच्या मतदारांनी कंपनीसाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले.

टाऊनशिप म्हणजे काउंटीच्या पोटातला छोटा प्रशासकीय तुकडा. त्याला कर बसवता येतो आणि रोखेही काढता येतात. रेल्वे कंपन्या मार्गावरच्या गावांना एकमेकांविरुद्ध बोली लावायला लावत, आणि रोखे ही त्या बोलीची रक्कम असे. ते सहसा लाईन पूर्ण झाल्यावरच कंपनीच्या हाती पडत, फेड मात्र वर्षानुवर्षं शेतकऱ्यांच्या घरपट्टी-जमीनपट्टीतून व्हायची. दहा वर्षांपूर्वी रिकाम्या हाताने आलेल्या लोकांनी एवढा बोजा घ्यायला मतं दिली. हा जुगार होता का? होता. पण शेजारची प्रत्येक पेठ हाच डाव खेळत होती आणि न खेळणाऱ्याचं हरणं आधीच ठरलेलं होतं.

मिसुरी पॅसिफिक आलीच नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकची लाईन आली, पण सोलोमनच्या पलीकडून, दक्षिण तीराने. नदीपलीकडे काही मैलांवर कंपनीची नवी वसाहत उभी राहिली, ती पुढे बोग झाली. निकोडेमसच्या दुकानदारांनी गाशा गुंडाळला. काहींनी लाकडी इमारतीच उचलून पलीकडे नेल्या. दोन्ही वर्तमानपत्रं टिकली नाहीत.

रेल्वे मुद्दाम टाळली का, हा प्रश्न अजून चर्चेत आहे. वर्णद्वेष हे सगळ्यात सोपं उत्तर, आणि त्या काळाचा विचार करता ते अजिबात बाजूला ठेवता येत नाही. पण धंद्याची बाजूही पाहायला हवी. रेल्वे कंपन्यांचा नफा तिकिटं आणि मालवाहतुकीपुरता नव्हता. स्टेशनभोवतीची जमीन आधीच ताब्यात घ्यायची, प्लॉट पाडायचे आणि लाईन आली की विकायचे, ही कमाई भरघोस होती. आधीच वसलेल्या गावात स्टेशन दिलं तर ती कमाई गावातल्या प्लॉटवाल्यांना जाते. म्हणून कंपन्या चांगल्या चालत्या पेठा सोडून त्यांच्या शेजारी नवी पेठ काढत. माळावर गोऱ्यांच्या कितीतरी वस्त्या अशाच उठल्या. हिल सिटी मात्र लाईनवर आली. १८८७ च्या चक्रीवादळाने मिलब्रुकची वाताहत झाली होती आणि १८८८ मध्ये मुख्यालय हिल सिटीला गेलं. निकोडेमसच्या प्लॉटची रक्कम गोळा करणाऱ्या माणसाचं नाव आज काउंटीच्या मुख्यालयाला आहे. याला योगायोग म्हणावं का, ते ज्याने त्याने ठरवावं.

मॅकेब तोवर राज्याच्या राजधानीला, टोपेकाला गेलेला होता. १८८६ मध्ये पक्षाने त्याला पुन्हा उमेदवारी दिली नाही. तो ओक्लाहोमाकडे वळला आणि १८९० मध्ये लँग्स्टन हे दुसरं कृष्णवर्णीय गाव वसवण्यात पुढे राहिला. निकोडेमसचे पुढारी असेच एकेक करून बाहेर पडले.

मग संपलं काय?

इथे तिसऱ्या वाक्याची गफलत लक्षात येते. १८८८ मध्ये पेठ उठली. शेतकरी उठले नाहीत. उठणार कसे? त्यांच्याकडे जमिनीचे पट्टे होते. ज्यांनी पाच वर्षांची अट पुरी केली होती त्यांच्यासाठी गाव म्हणजे मुख्य रस्त्यावरची सात-आठ दुकानं नव्हतीच. चौफेर पसरलेली १६० एकरांची शेतं, मधलं चर्च आणि शाळा, हे गाव. सामान घ्यायला आता बोगला जायचं, एवढाच फरक. तो त्रासाचा होता, पण गाव संपवणारा नव्हता.

पुरावा समोर उभा आहे. निकोडेमसच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळात पाच इमारती धरल्या आहेत. त्यांपैकी हॉटेल आणि मेथडिस्ट चर्च या दोनच रेल्वे हुकण्याआधीच्या. फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चची चुनखडीची इमारत १९०७ ची. जुनी शाळा जळाल्यावर नवी बांधली ती १९१८ मध्ये. टाऊनशिप हॉल १९३९ चा, मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून झालेला. ‘मेलेल्या’ गावाने पुढच्या पन्नास वर्षांत तीन सार्वजनिक इमारती बांधल्या, असं म्हणावं लागतं.

खरी ओहोटी लागली ती दुष्काळ आणि यंत्रांमुळे, आणि ती एकट्या निकोडेमसला लागली नाही. काउंटीची लोकसंख्या १८८० मध्ये ४,२५८ होती, १९१० मध्ये ८,७०० पर्यंत चढली आणि २०२० च्या गणनेत २,४१५ उरली. रेल्वे मिळालेल्या बोगमध्ये आज दोनशेही माणसं नाहीत. १६० एकर हा आकडा पूर्वेकडच्या ओल्या जमिनीवर ठरवलेला. शंभराव्या रेखांशाजवळ तेवढ्यात कुटुंब पोसणं चांगल्या सालीही कठीण. १९३० च्या दशकात गव्हाचे भाव पडले, पाऊस आटला, धुळीची वादळं आली. पाठोपाठ ट्रॅक्टर आणि कम्बाइन हार्वेस्टर आले. एक माणूस दहा जणांचं शेत कसू लागला आणि बाकीचे डेन्व्हर, टोपेका, कॅन्सस सिटी, कॅलिफोर्नियाला गेले. त्यांत गोरेही होते. मात्र कर्ज मिळवताना आणि पडेल भावात जमीन विकताना कृष्णवर्णीय शेतकऱ्याची बाजू आधीपासून लंगडी होती, त्यामुळे त्याला धक्का जास्त बसला. १९५३ मध्ये पोस्ट बंद झालं, पुढे शाळाही. आज कायमची वस्ती पंचविसाच्याही आत आहे.

तरीही दर जुलैच्या शेवटी शेकडो माणसं इथे जमतात. हा उत्सव १ ऑगस्टच्या मुक्तिदिनातून आला. १८३४ मध्ये त्या तारखेला ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीजमधली गुलामी कायद्याने संपली होती आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय आपल्या मुक्तीच्या आधीपासून तो दिवस पाळत. निकोडेमसला त्याचा मेळा भरायचा, बेसबॉलचे सामने, घोड्यांच्या शर्यती, भाषणं. वस्ती विरळ झाली तसा तो माहेरपणाचा मेळा झाला. विल्यम्स, स्वित्झर, बेट्स, अलेक्झांडर अशी जुनी आडनावं देशभरातून पोरंबाळं घेऊन येतात. १९३२ मध्ये इथेच जन्मलेले व्हेरिल स्वित्झर ग्रीन बे पॅकर्सकडून व्यावसायिक फुटबॉल खेळले, नंतर कॅन्सस स्टेट विद्यापीठात अधिकारी झाले, पण निकोडेमसची जमीन त्यांनी सोडली नाही.

स्थानिक इतिहासाचं कामही याच मेळ्यांतून उभं राहिलं. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टिपल्या गेल्या, ट्रंकांतले फोटो बाहेर आले, ते जमीन-कचेरीच्या नोंदींशी आणि गणनेच्या कागदांशी पडताळून पाहिले गेले. त्या जुन्या दोन वर्तमानपत्रांचे अंक या कामात फार मोलाचे ठरले, कारण कोण कोणाकडे जेवायला गेलं आणि कोणाचं जनावर हरवलं इतपत बारीक बातम्या त्यांत असायच्या. १९७६ मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक खूण म्हणून मान्यता मिळाली. १९८० च्या दशकाच्या शेवटी वंशजांनी आपली इतिहास संस्था काढली आणि पाठपुरावा चालू ठेवला. नोव्हेंबर १९९६ मध्ये निकोडेमस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं, म्हणजे संघराज्याच्या राष्ट्रीय उद्यान विभागाच्या कक्षेत आलं.

या व्यवस्थेतही अडचणी आहेत. पाच इमारतींचे मालक वेगवेगळे. मेथडिस्ट चर्च १९९८ मध्ये विभागाने घेतलं आणि दुरुस्त केलं, बाकीच्यांबाबत प्रत्येक दगडासाठी मालकाशी बोलावं लागतं. शेतजमीन बऱ्याच वंशजांच्या नावावर आहे, पण कसतात दुसरेच, कारण मालक पाचशे मैलांवर राहतो. इतिहास सांगायचा कोणी, विभागाच्या गणवेशातल्या माणसाने की घरच्याने, यावर मेळ्यात आवाज चढतात. विभागाचं माहिती केंद्र १९३९ च्या टाऊनशिप हॉलमध्ये आहे आणि तो हॉल विभागाने भाड्याने घेतलेला आहे.